मला झोपवू नका

मी एक जुना फ्रीज आहे. किती जुना, तर या घरातल्या नेस्तोरला मिसरूड फुटत होतं तेव्हा मी इथे आलो, आणि आज त्याची मुलगी पिनपिन दुसरीत आहे. माझा रंग एके काळी पिस्त्यासारखा होता. आता खाऱ्या वाऱ्याने खालच्या कडा गंजल्या आहेत आणि दाराचं रबर एका कोपऱ्यात सैल पडलं आहे. तरी मित्रांनो, मला कमी लेखू नका. माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल आहे, त्यावर बाळ येशूची छोटी मूर्ती आहे आणि माझ्या दाराच्या मुठीला फुलाफुलांचा अभ्रा शिवलेला आहे. एवढ्या मायेने नटवलेला फ्रीज तुम्ही पाहिला नसेल. ही सगळी माया लोला इस्यांगची. लोला म्हणजे आजी; ती नेस्तोरची आई. तिने मला पोटच्या पोरासारखं जपलं, आणि माझी सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्र्याचा खणखणाट आठवतो आणि पोटात पहिल्यांदा भरलेला गारवा आठवतो. खरी आठवण सुरू होते ती ट्रकपासून. शहरातून पनाय बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या या गावापर्यंत मला आडवं झोपवून आणलं, कारण ट्रकमध्ये तांदळाची पोती होती आणि मला उभं राहायला जागा नव्हती. लोला इस्यांगचा नवरा तेव्हा हयात होता. त्याने आणि दुकानाच्या माणसाने मला स्वयंपाकघरात उभं केलं. लोला लगेच वायर घेऊन पुढे सरसावली, तसा तो दुकानाचा माणूस ओरडला.

"अहो मावशी, थांबा! लगेच लावू नका. प्रवासाने दमलाय तो. पाच-सहा तास आराम द्या, मग चालू करा. नाहीतर जळेल."

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं. आडवा आणलेला फ्रीज उभा करून काही तास तसाच ठेवावा लागतो, म्हणजे आतलं तेल आपल्या जागी बसतं. पण हे करायचं ते एकदाच. 'एकदाच' हा शब्द तेवढा तो म्हणाला नाही. ट्रकवाला बाहेरून हॉर्न वाजवत होता, त्यामुळे तो घाईत निघून गेला. लोलाच्या मनात मात्र त्याचं वाक्य खिळ्यासारखं बसलं. आराम दिला नाही तर जळेल.

तिला ते पटलंही पटकन. या गावात दुपारी सगळेच लवंडतात. माणसं जेवून चटईवर पडतात, रेडे चिखलात बसतात, होड्या वाळूवर तोंड खुपसून विसावतात. मग या बिचाऱ्यानेच का म्हणून रात्रंदिवस घुरघुरत उभं राहायचं? दुसऱ्याच दिवशी सगळे घराबाहेर पडल्यावर लोला माझ्याजवळ आली, माझ्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "झोप रे बाळा थोडा वेळ." आणि तिने माझी वायर काढली.

तेव्हापासून हा रोजचा नेम झाला. सकाळी साडेसातला घर रिकामं झालं की मी झोपायचं आणि साडेतीनला तिने मला उठवायचं. शनिवार-रविवार माणसं घरी असतात, थंड पाणी मागतात, म्हणून त्या दिवशी ती मला सांगायची, "आज तुला सुट्टी नाही हं. पाहुण्यांसारखं वागू नकोस." ती हे कुणापासून चोरून करत होती असं समजू नका. भाताचं पातेलं घासलं हे कुणी सांगत बसतं का? कुणी विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.

खूप वर्षं त्याने काही बिघडलंही नाही. तेव्हा माझा वरचा कप्पा बर्फाच्या पिशव्यांनी गच्च भरलेला असायचा, कारण गावातले मासेमार लोलाकडून बर्फ न्यायचे. त्या बर्फाच्या जोरावर मी आठ तास कसाबसा गार राहायचो. शिवाय लोला रांधायची ती जुन्या पद्धतीने. मासळी माडाच्या सिरक्यात, आलं, मिरची आणि भरपूर मीठ घालून आटवायची. तसली मासळी माझ्यावाचूनही दोन दिवस टिकते. ती माझ्यात ठेवायची ते माझं मन राखायला. त्या काळात माझं काय कौतुक व्हायचं! शेजारणी येऊन माझं दार उघडून तोंडावर गारवा घ्यायच्या आणि लोला त्यांना दटावायची, "पुरे गं, सर्दी होईल त्याला."

मग नेस्तोरचं लग्न झालं आणि आर्लीन या घरात आली. त्याच सुमारास गावात बर्फाचा कारखाना निघाला, लोलाचा बर्फ घ्यायला कुणी येईना आणि माझा वरचा कप्पा रिकामा झाला.

आर्लीन खेकड्यांच्या शेडमध्ये कामाला जाते. तिथे उकडलेल्या खेकड्यांचं मांस बोटांनी सोलून डब्यांत भरतात. डोक्याला जाळी, तोंडाला फडकं आणि समोर बर्फाचा ढीग. एक डबा बर्फावरून जरा जास्त वेळ खाली राहिला तर मुकादम तो सगळ्यांसमोर फेकून देतो. त्यामुळे उरलेल्या मासळीचं काय करायचं हे आर्लीनला या गावात सगळ्यांपेक्षा चांगलं कळतं. ती शिस्त तिने घरी आणली. लोलाने एकदा कालवणाचं अख्खं पातेलं माझ्या पोटात ढकललं, तेव्हा आर्लीन धावत आली.

"आई, पातेलं तसंच नका ठेवू. कडेचं गार होतं आणि मधलं तासन्‌तास कोमट राहतं. उथळ डब्यात पसरा. आणि जेवणं झाली की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे."

"हे तुझ्या मुकादमाला सांग जा," लोला म्हणाली. "माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षं माझ्या हातचं खाल्लं. कधी पोट धरून बसला नाही."

"ते सगळं सिरक्यातलं होतं, आई. हे नारळाच्या दुधातलं आहे. नारळाचं दूध फार नाजूक."

"सून नाही, मास्तरीणबाई आणलीय आम्ही," असं म्हणत लोलाने हसत हसत दोन डबे काढले आणि कालवण पसरलं. दोघींचं चांगलं जमतं, मित्रांनो. भांडण असतं तर कदाचित बरं झालं असतं. भांडणात माणसं एकमेकांवर नजर तरी ठेवतात.

आर्लीन प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून वार लिहायची. तीन दिवसांच्या वर काही ठेवायची नाही. जेवढं खायचं तेवढंच काढून गरम करायची, तेही नुसतं कोमट नाही, मधपर्यंत वाफा येईस्तोवर. एकदा गरम केलेलं पुन्हा माझ्यात ठेवायची नाही. एवढं सगळं ती बिनचूक करायची, आणि सकाळी साडेसातला तीन गल्ल्यांपलीकडे शेडमध्ये जाऊन बसायची. इकडे लोला यायची आणि मला झोपवायची.

वायर निघाल्यावर काय होतं ते तुम्हाला सांगतो. आधी माझी घरघर थांबते. मग दाराच्या सैल कोपऱ्यातून बाहेरची ऊब आत शिरू लागते. दहाच्या सुमाराला बर्फ सुटतो. बारापर्यंत माझ्या भिंतींना घाम येतो. दुपारी दोनला माझ्या आत आणि बाहेरच्या चुलीशेजारी फारसा फरक उरत नाही. डब्यांत जंतू वाढताना मला जाणवतात. मी दार आपटू शकत नाही, दिवा लावू शकत नाही, एक साधा आवाज काढू शकत नाही. माझ्याकडे खूण म्हणून एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. ते मी खाली गाळतो. जमिनीवर मोठं थारोळं करतो. कुणीतरी विचारेल, हे पाणी कुठून आलं?

लोलाने विचारलं. फडक्याने पाणी पुसत ती म्हणाली, "अगं बाई, किती घामाघूम झालास! केवढं काम करतोस रे." आणि त्या दिवशी तिने मला तासभर जास्त झोपू दिलं.

एकदा संध्याकाळी आर्लीनने वरचा कप्पा उघडला आणि ती थबकली. "आई, बर्फ मऊ कसा लागतोय?"

विचार, अजून विचार, असं मी मनात म्हणत होतो.

"वय झालं त्याचं," लोला म्हणाली. "माझेही गुडघे मऊ झालेत. मला कुणी विचारतं का?" आर्लीन हसली आणि तिने दार लावलं.

मध्यंतरी नेस्तोरचं पोट बिघडलं होतं. माझ्यात ठेवलेलं माकुळाचं कालवण खाऊन दोन दिवस तो परसात फेऱ्या मारत होता. पण आदल्या दिवशी तो मित्रांबरोबर ताडी प्यायला होता, त्यामुळे दोष ताडीवर गेला. गप्प राहण्याशिवाय मला येतं काय?

आता यंदाच्या जत्रेचं सांगतो. जानेवारीत बाळ येशूचा सण असतो. त्या रविवारी या गावात कुठल्याही घराचं दार बंद नसतं. ओळखीचा असो नसो, जो येईल त्याला जेवायला बसवायचं आणि जाताना पुडकं बांधून द्यायचं, ही इथली रीत. आर्लीनने पहाटेपासून रांधलं. भोपळा घालून नारळाच्या दुधातली कोळंबी हा तिच्या हातचा नामी पदार्थ. मुद्दाम थोडी थोडी वाढली, उरलेली चुलीवर कढत ठेवली. नेस्तोरची बहीण बेलेन तर म्हणाली, "वहिनी, पाहुण्यांना घालतेस की औषध देतेस? वाढ की जरा हात सैल करून!"

"वाढते गं, संपलं की परत ये," आर्लीन म्हणाली. शेवटचा पाहुणा उठताच तिने उरलेली कोळंबी चार उथळ डब्यांत पसरली, जराशी निवू दिली आणि तासाभरात माझ्यात ठेवली. एक डबा तिने बाजूला काढून त्यावर पिनपिनचं नाव लिहिलं. पिनपिनला कोळंबी फार आवडते. त्या दिवशी मी किती अभिमानाने उभा होतो म्हणून सांगू! माझ्यात हात शिरकवायला जागा नव्हती.

सोमवारी सकाळी नेस्तोर होडीवर गेला. तो चार दिवसांनी येणार होता. आर्लीन शेडमध्ये आणि पिनपिन शाळेत गेली. लोला माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"काल किती राबलास रे," ती म्हणाली. "पन्नास माणसांचं सांभाळलंस. मीसुद्धा दमलेय, बघ. चल, दोघंही झोपू."

तिने वायर काढली. मंगळवारीही काढली.

मंगळवारी संध्याकाळी आर्लीन घरी येईपर्यंत मी पुन्हा चालू झालो होतो. डबे हाताला गारच लागले. तिने वास घेतला. वास वाईट नव्हता, त्यात लसूण आणि आलं होतं. तिने कोळंबी चांगली खदखदवली, मधली एक काढून बोटाने तपासलीसुद्धा. मित्रांनो, इथे सगळ्यांची फसगत होते. उकळल्याने जंतू मरतात हे खरं. पण तासन्‌तास उबेत वाढताना काही जंतू जे विष सोडून ठेवतात, ते उकळूनही जात नाही. खराब झालेलं पुन्हा चांगलं करणं चुलीला जमत नाही.

लोलाला कोळंबीने खाज सुटते, म्हणून ती खात नाही. आर्लीनने दोन घास खाल्ले. पिनपिनने सगळा डबा संपवला आणि वर भाताने वाडगा पुसला. मी समोर उभा राहून बघत होतो. तिला लवकर पोट भरल्यासारखं व्हावं, वाडगा हातातून पडावा, काहीही व्हावं, असं मला वाटत होतं. काहीही झालं नाही.

जेवण होऊन भांडी घासून होतात न होतात तोच पिनपिनला उलट्या सुरू झाल्या. थोड्याच वेळात तिला मान धरता येईना. आर्लीनने तिला कांबळ्यात गुंडाळलं, शेजाऱ्याची तीनचाकी आली आणि दोघी निघून गेल्या. लोला माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि माझ्या डोक्यावरच्या मूर्तीचे पाय धरून रडू लागली. तिचं कपाळ माझ्या दारावर टेकलं होतं. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. ती थरथरत होती आणि मी घुरघुरत होतो, एवढंच आमच्या हातात होतं.

पिनपिन वाचली. तीन दिवस तिला सलाईन लावलं होतं. घरी आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येईना, डोळे तेवढे उरले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शिजवलेलं बराच वेळ उबेत राहिलं असणार.

"नाही राहिलं," आर्लीन पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तासाभरात ठेवलं होतं मी. आई, तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं बाई, मी पाहिलं," लोला म्हणाली.

पण बेलेन आली होती आणि तिचं तोंड कोण धरणार? "दिवसभर परक्यांचे खेकडे सोलतेस. हात धुतेस तरी का घरी आल्यावर? आम्हाला डबे पसरायला शिकवतेस, आणि पोरीला मारायला निघालीस!"

"बेलेन, जीभ आवर," लोला कडाडली. "सुनेला बोलायचं काम नाही. दोष असेल तर या यंत्राचा. म्हातारं झालंय ते. मी त्याला रोज आराम दिला, तरी थकलंच बिचारं."

रोज आराम दिला! मित्रांनो, तिने ते भर घरात, सगळ्यांसमोर सांगितलं. नेस्तोर तिथेच होता. आर्लीन तिथेच होती. कुणीतरी विचारा, आराम म्हणजे काय? पण बेलेन फणकाऱ्याने उठली, पिनपिन आतून पाणी मागू लागली आणि म्हातारं माणूस काहीतरी मायेचं बोललं म्हणून ते वाक्य तिथेच विरून गेलं.

शनिवारी नेस्तोरने कादो मिस्त्रीला बोलावलं. त्या दिवशी सगळे घरी असल्यामुळे मी चालूच होतो. मिस्त्रीने माझ्या पोटात गारवा मोजायची काचेची नळी ठेवली, तासभर वाट पाहिली, मागून टकटक करून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मनोमन म्हटलं, मला काहीतरी झालेलं असू दे. माझी गॅसची नळी फुटलेली असू दे. मला भंगारात टाका, पण तिच्यावर येऊ देऊ नका. आणि माझं दुर्दैव असं की मी त्या दिवशी जीव लावून गार झालो होतो.

"याला धाड भरलेली नाही," मिस्त्री म्हणाला. "अजून दहा वर्षं ओढेल. रबर तेवढं बदलून देतो."

नवीन रबर बसलं. नेस्तोरने आर्लीनकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. मी निर्दोष सुटलो आणि ती दोषी ठरली. ती सगळे गेल्यावर माझं दार उघडून बराच वेळ आत बघत बसली. मग स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहू लागली. ते हात तिने त्या संध्याकाळी चार वेळा धुतले.

आज सोमवार आहे. पिनपिन आज पहिल्यांदाच पुन्हा शाळेत गेली. आर्लीनने पहाटे उठून तिच्यासाठी मऊ भाताची पेज केली, त्यात ताज्या मासळीचे काटे काढलेले तुकडे घातले. पसरट डब्यात ओतून, थाळीतल्या गार पाण्यावर निववून तिने तो डबा माझ्यात ठेवला. चिकटपट्टीवर वार लिहून तिने तो पुन्हा एकदा वाचला.

"आई, चारला ती आली की हे गरम करून द्या. मधपर्यंत वाफा आल्या पाहिजेत. उरलं तर टाकून द्या."

"देते गं. तू जा निवांत," लोला म्हणाली.

आता घर रिकामं आहे. लोला माझ्याजवळ आली आहे आणि माझ्या मुठीचा अभ्रा सारखा करते आहे.

"मिस्त्री म्हणाला तू धडधाकट आहेस. मी ओळखूनच होते," ती मला सांगते आहे. "पण जत्रेत तुझ्यावर फार ताण पडला, म्हणून असं झालं. माझंच चुकलं. आराम कमी पडला तुला. आजपासून साडेतीनला नाही उठवायची. पिनपिनला पेज दिली की मग उठवीन."

मित्रांनो, मी कधीच दमलो नव्हतो. फ्रीज दमत नाही. त्याला झोप नको असते, त्याला काम हवं असतं. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला पुसा, त्याचं रबर बघा, त्याच्यात गच्च भरू नका, पण कृपा करून त्याला मायेने बंद करू नका. त्याच्या पोटात तुमच्या माणसांचं जेवण असतं. आणि घरातलं म्हातारं माणूस काही बोललं, तर एकदा थांबून त्याला विचारा, म्हणजे नक्की काय करता हो तुम्ही?

लोला खाली वाकली आहे. तिचा हात वायरवर आहे. तुमच्यापैकी कुणाचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत असेल तर तिला सांगा. रागावू नका, तिला मायेनेच सांगा. पण आत्ता सांगा. चार वाजता पिनपिन घरी येते आणि शाळेतून आली की तिला फार भूक लागलेली असते.